खिरीतली निळी रेघ

आमच्या गावाला शेजारच्या बंजारा तांड्यावरून दूध घेऊन येणारी एक मावशी होती. नात्यानं ती कुणाचीच मावशी नव्हती, पण सगळं गाव तिला तसंच हाक मारायचं. तिचं गावात येणं बंद झालं आणि ते माझ्यामुळं झालं. गावाला हे ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. आईला होतं, पण आईचं पुढं सांगतो.

मी मुळातच कमी बोलणारा. घरचे म्हणतात, याला दहा वेळा विचारावं तेव्हा हा एकदा हं म्हणतो. ही सवय त्या वर्षांत माझ्या फार कामी आली.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून नांदेडला एका प्रयोगशाळेत, एका सरांच्या हाताखाली काम करत होतो. आमचं काम रोगजंतूंच्या विषांवर होतं. पुष्कळदा जंतू माणसाला स्वतः आजारी पाडत नाही, त्यानं बाहेर टाकलेलं विष पाडतं, आणि ते विष म्हणजे एक प्रथिनच असतं, दुधात असतात तसंच. एखाद्या नमुन्यात कोणकोणती प्रथिनं आहेत हे बघायला आम्ही तो नमुना जेलीसारख्या पातळ, पारदर्शक चकतीत वरच्या टोकाला घालायचो आणि तिच्यातून वीज सोडायचो. लहान प्रथिनं भराभर खाली सरकतात, मोठी वरच अडकून राहतात. मग चकती निळ्या रंगात बुडवून धुतली की प्रत्येक प्रथिनाच्या जागी एक निळी रेघ उरते. ज्या विषाचा संशय आहे ते शेजारच्या ओळीत सोडायचं. दोन्ही रेघा एकाच उंचीवर आल्या की संशय बळावतो, त्यानंतर आणखी एक चाचणी करून तो पक्का करायचा.

आमचं गाव वारंगा फाट्यापासून आत. गावाच्या एका अंगाला आमची बौद्ध वस्ती आणि पत्र्याचं विहार. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर होते. आजवर ती आम्हीच करायचो आणि आम्हीच खायचो. त्या वर्षी सरपंच स्वतः वडिलांना म्हणाले, "या खेपेला गाव येतंय तुमच्याकडं." वडील मग घरोघर आमंत्रण देऊन आले. लोक येतो म्हणाले. येतो म्हणणं वेगळं आणि आमच्या हातचं खाणं वेगळं, हे आईला माहीत होतं. तिला आनंद झाला होता, त्याहून जास्त ती घाबरली होती.

खीर शिजवायची मोठी डेग मुसलमान आळीतून आणली. दूध आदल्या दिवशी संध्याकाळी मावशीनं आणलं, सगळ्या तांड्यातून गोळा करून. कॅन उतरवताना मला बघून म्हणाली, "शिकून शिकून वाळून गेलास की रं! नांदेडला दूध भेटत न्हाई का?"

"भेटतं मावशी, पण पाणी घातलेलं."

"मंग म्या घालते त्या पाण्याला तरी नाव ठेवू नको," ती म्हणाली, आणि आजूबाजूच्या बाया हसल्या. ती पाणी घालत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर हा विनोद चालायचा.

त्या दिवसांत माझ्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं होतं. कुंपण करताना बाभळीचा काटा मोडला होता आत. नखाच्या कडेला पू धरला होता, वर चिंधी बांधली होती. खीर शिजली, चुलीवरून उतरली. कोमट झाल्यावर भाताच्या गुठळ्या बसल्या, त्या काही डावानं फुटेनात. आई म्हणाली, "तुहे हात लांब हायेत, तूच मोड." मी हात धुतले. भिजलेली चिंधी लोकांपुढं घाण दिसेल म्हणून ती सोडून टाकली. आणि कोपरापर्यंत हात घालून गुठळ्या मोडत बसलो. बोट ठणकत होतं, कोमट खिरीत त्याला बरं वाटत होतं.

मग डेगीवर फडकं बांधलं. मे महिना. आमच्याकडं त्या दिवसांत रात्रसुद्धा निवत नाही.

सकाळी काकूंनी विचारलं, "खीर रातभर ऱ्हायली. चालंल का रं, शास्तरवाल्या?" मी वास घेतला, चमचाभर चाखली. गोड, छान. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "चुलीवर चढवा, चांगली उकळू द्या. उकळली म्हणजे जंतू मरतात." बरेचसे जंतू मेले असतील, गुठळ्यांच्या पोटातले उरलेही असतील. पण काही जंतूंचं विष उकळून जात नाही, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. नखाच्या पूमध्ये असतात तेच हे जंतू. परीक्षेतलं उत्तर आणि आमच्या विहारातली डेग या दोन गोष्टी एकाच जगातल्या आहेत असं मला त्या सकाळी वाटलंच नाही.

गाव आलं. सरपंच सतरंजीवर बसले आणि पहिला द्रोण त्यांनीच घेतला. मग बाकीचे बसले. आई दाराआड उभी राहून एकेकाचा घास तोंडात जाताना बघत होती. वडील वाढत होते. दुसऱ्यांदा कुणी खीर मागितली की ते ओरडून सांगायचे, "इकडं आणखी!" जणू लग्नच होतं.

ऊन डोक्यावर यायच्या आत पहिलं पोरगं ओकलं. जास्त खाल्लं असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग दुसरं. मग एक बाई पोट धरून खाली बसली ती उठेना. बघता बघता शाळेचा व्हरांडा भरला. लोक भिंतीला टेकून ओकत होते, लेकरं ओकून ओकून मलूल पडत होती. त्यांच्या आया त्यांना हलवत होत्या, "डोळं उघड, डोळं उघड." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला सुरुवात झाली. सकाळच्या चमच्यापुढं मी खीर खाल्ली नव्हती. वडिलांनी खाल्ली होती, ते माझ्या मांडीवर होते. त्यांचे हातपाय गार पडले होते, त्या उन्हात. ते मला काहीतरी सांगत होते, ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. ही सगळी माणसं मरणार आणि हे आमच्या विहारात झालं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणलं न्हवतं का, यांच्यात खाऊ नका."

दुसरं म्हणालं, "येकदाच खाल्लं आन हे भोगून राहिलो."

सरपंच लिंबाला टेकून बसले होते, त्यांच्याही सदऱ्यावर ओकारी होती. त्यांनी तिथूनच मला हाक मारली. "तू तर याचंच शिक्षण घेऊन राहिला. सांग, कशानं झालं हे?"

सगळे माझ्याकडं बघत होते. बोटात ठणका मारत होता. त्या क्षणी मला सगळं समजलं होतं असं मी म्हणणार नाही. पण शंका आली होती. ती येताच मी हात पाठीमागं घेतला, एवढं मात्र मला स्पष्ट आठवतं.

मी म्हणालो, "दुधातून होऊ शकतं असं."

वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतक्या सहज तोंडातून निघालं.

"दूध तांड्याचं हाय," कुणीतरी लगेच म्हणालं. आणि आमच्यावर खिळलेल्या सगळ्या नजरा एकदम तांड्याच्या वाटेकडं वळल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. वडील मांडीवर पडलेले, अजून जगतील की नाही ठाऊक नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

कुणी दगावलं नाही. दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळे उठून बसले, वडीलही. पण त्याच सकाळी मावशी नेहमीसारखी कॅन घेऊन आली तेव्हा तिला वेशीतच अडवलं. कॅन नालीत उपडा केला. तिनं रिकामा कॅन उचलला म्हणे. मग आमच्या दारात आली.

"बाबू, तू म्हणलास का माह्या दुधानं झालं?"

"होऊ शकतं म्हणालो, मावशी. झालंच असं नाही म्हणालो."

"मंग झालं का न्हाई झालं, हे कोण सांगणार?"

"तपासून सांगतो."

ती तांड्यावर परत गेली आणि छोट्या बाटलीत दूध घेऊन आली. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळच्या त्याच दुधातलं घरी ठेवलेलं थोडं उरलं होतं, विरजण न लावलेलं. तापवून, विहिरीत सोडून गार ठेवलं होतं. "हे घे. तपास. आन जे निघंल ते गावात सांग. गावातले रतीब गेले तर म्या म्हशी कशाला ठिवू?" तिचं घर त्या रतिबांवर चालत होतं. नवरा कधीच गेला होता, मुलगा ऊसतोडीला जायचा.

थर्मासमध्ये बर्फ घालून मी दूध आणि उरलेली खीर नांदेडला नेली. सरांना हकीकत सांगितली. सगळी नाही, एक बोट सोडून. ते उत्साहात आले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला जिवंत उदाहरण हाती लागलं की तो थोडा आनंदतोच, त्यांना मी नावं ठेवत नाही. आम्ही दोन्ही नमुन्यांतली प्रथिनं वेगळी केली. एका ओळीत दूध, एका ओळीत खीर आणि कडेला आमच्याकडचं ओळखीचं विष. मध्येच वीज गेली, इन्व्हर्टर कुईकुई करत चालू झाला. सर म्हणाले, "हलू देऊ नको चकती." मी तिच्याकडं टक लावून उभा होतो. त्या वेळी कुठल्या देवाला हात जोडायचे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात देव नाहीत.

निळ्या रंगातून काढल्यावर सगळी चकती आधी नुसती निळी असते. ती धुताना रंग हळूहळू उतरतो. त्या धुण्यात एक क्षण असा येतो की रेघ आहे की तुमच्या डोळ्यांचा भास आहे, हे कळत नाही. दुधाच्या ओळीत दुधाच्याच ठळक रेघा आल्या. खिरीच्या ओळीत त्यांच्याखाली आणखी एक आली. पुसट, पण विषाच्या रेघेच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर. पुढच्या चाचणीत ती पक्की झाली. खिरीत थोडे जंतूही जिवंत निघाले, ते सरांनी वाढवून ठेवले.

सर म्हणाले, "दूध स्वच्छ आहे. गडबड नंतर झाली. खिरीत कुणी हात घातला होता ते शोधा. हाताला फोड नाहीतर जखम असलेला माणूस असणार."

मी हात अ‍ॅप्रनच्या खिशात घातला.

पुढं एका सुट्टीच्या दिवशी, सर नसताना, मी माझ्या बोटातल्या पूचे जंतू वाढवले आणि खिरीत सापडलेल्या जंतूंशेजारी त्यांचीही प्रथिनं चकतीत सोडली. रंग उतरत गेला तसतशा रेघा वर येत गेल्या. वरपासून खालपर्यंत दोन्ही ओळी सारख्या होत्या. एखादी तरी रेघ वेगळी निघावी म्हणून मी चकती उजेडात धरून पुनःपुन्हा बघितली. मग तिचे तुकडे करून टाकून दिले.

गावी गेलो आणि आईला सांगितलं. वडिलांना नाही सांगितलं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"कोणाला म्हणलास?"

"तुलाच."

"मंग आता कोणाला म्हणू नको." भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "पहिल्यांदा खाल्लं त्याइनं आपल्या हातचं. आता तू सांगतूस का, आपल्या हातातच इख व्हतं?"

हे आईवर ढकलणं सोपं आहे, आणि मी पुष्कळ वर्षं मनातल्या मनात तेच केलं. पण खरं सांगायचं तर ती काय म्हणेल हे मला आधीच ठाऊक होतं. तेच ऐकायला मी तिच्याकडं गेलो होतो.

मावशी आता वारंगा फाट्यावरच्या एका चहाच्या हॉटेलला दूध घालू लागली. लांबची चाल, आणि हॉटेलवाला भाव पाडून घ्यायचा. नांदेडची गाडी मला तिथंच धरावी लागायची. ती हॉटेलपुढं बसलेली दिसायची.

"आला का रं तुहा तपास?"

"अजून नाही, मावशी. मोठ्या लॅबला पाठवलाय."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. एकदा म्हणाली, "ती मोठी लॅब किती मोठी हाय रं? दिल्लीयेवढी?" बाकावरचे ड्रायव्हर हसले. मीही हसलो. ती हसत नव्हती. त्यानंतर मी फाटा टाळू लागलो. उलट्या दिशेनं कळमनुरीला जायचो आणि तिथून गाडी धरायचो. आई विचारायची, वळसा काहून? मी म्हणायचो, तिकडं बसायला जागा मिळते.

पुढं ऐकलं, तिनं एक म्हैस विकली. मग दुसरी. मुलाबरोबर तीही ऊसतोडीला जाऊ लागली, त्या वयात.

इकडं माझं बरं चाललं होतं. खिरीतून काढलेला तो जंतू आमच्या प्रयोगशाळेत जपून ठेवला होता, आणि त्याच्या विषावर मी पुढची कितीतरी वर्षं काम केलं. सर त्याला "तुझा जंतू" म्हणायचे, कारण तो मी गावाहून आणला होता. ते असं म्हणाले की मी उठून नळाकडं जायचो. घरी मी हात इतके धुवायचो की बोटांना भेगा पडायच्या, आणि भेग पडली की पुन्हा भीती. लग्नात, तेरवीला, कुठंही पंगत असली की मी वाढायला उभा राहायचो नाही. लोक म्हणायचे, शिकला आणि ताठला.

मुलीचं उष्टावण होतं तेव्हा बायकोनं खिरीची वाटी माझ्या हातात दिली. लेकरानं तोंड उघडलं. मी हात मागं ओढला आणि खीर तिच्या झबल्यावर सांडली. बायको मला आत घेऊन गेली, म्हणाली, "तुम्हाला काय होतंय?" तिला मी सगळं सांगितलं. तिनं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "ती बाई आहे अजून?"

होती. मी तांड्यावर गेलो. मावशी अंगणात तूर पाखडत होती. हात सुरकुतलेले, नजर तीच. मी खाली बसलो आणि सांगायला लागलो. बोट, गुठळ्या, चकती, दोन सारख्या ओळी. चकतीचं तिला कितपत कळलं ठाऊक नाही. सूप तिनं हातातून सोडलं नाही.

माझं संपल्यावर म्हणाली, "हे मला काहून सांगून राहिलास?"

मी खाली सांडलेली तूर वेचू लागलो.

"माह्या दुधात काही नव्हतं हे मला ठाऊकच व्हतं. ज्याइला ठाऊक न्हाई त्याइला जाऊन सांग." आणि तिनं पुन्हा सूप हलवायला सुरुवात केली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. आता मोकळं व्हायची सोय राहिली नाही.

पुढच्या पौर्णिमेला मी विहारात उभा राहिलो. त्या प्रसंगानंतर बरीच वर्षं गावातलं कुणी येत नव्हतं, पण अलीकडं थोडे येऊ लागले होते. खीर आता डेअरीच्या पिशवीतल्या दुधाची होत असे. मी आईला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. वडील तेव्हा हयात नव्हते.

भीती कशाची होती हे नेमकं सांगतो. माझी बेअब्रू होईल ही भीती होतीच. पण पुढं बसलेली माणसं द्रोण खाली ठेवून उठून जातील, आणि हे लोक तसलेच म्हणतील, आणि ते आईला ऐकावं लागेल, ही भीती मोठी होती. मी बोललो. मला बोलायची सवय नाही, त्यामुळं पटकन बोलून टाकलं.

दोघा-तिघांनी खरंच द्रोण खाली ठेवले. एकजण उठून चपला शोधू लागला. जुने सरपंच, आता काठी घेऊन चालणारे, द्रोणात बघत बसले होते. ते म्हणाले, "आज कोणी ढवळली?"

"म्या," आई म्हणाली. आणि तिनं पुढं येऊन दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले, उलटे आणि सुलटे. "बघून घ्या."

सरपंचांनी खरंच बघितलं. मग द्रोण तोंडाला लावला. चपला शोधणारा मात्र गेला, आणि त्याच्यामागं आणखी काहीजण. आई रिकाम्या झालेल्या जागांकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. "सांगितलं, मावशी."

"कोण कोण व्हतं?"

मी एकेक घर सांगत गेलो. ती बोटांवर मोजत ऐकत होती.

"पाटलाची म्हातारी व्हती?"

"नव्हती. ती कुठं आता घराबाहेर पडते."

"माहा कॅन तिनंच वतायला लावला नालीत. तिला सांगून ये."

"मावशी, तिला ऐकू येत नाही आता."

"मंग मोठ्यानं सांग," ती म्हणाली.

पाटलाच्या दारात मी उभा राहिलो तेव्हा म्हातारी ओसरीवर बाजेवर बसली होती. मी जवळ जाऊन सांगितलं. तिनं कानामागं हात धरला. "आं?"

मी पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं.

"काय म्हणून राहिला? जरा जोरात बोल की, बापा."

गल्लीत बाया पाणी भरत होत्या. त्यांचे हंडे थांबले. एक खिडकी उघडली. मी श्वास घेतला आणि ओरडलो, "दूध चांगलं होतं! तांड्यावरचं दूध चांगलं होतं! माझ्या बोटात पू होता!"

म्हातारीनं कानामागचा हात काढला. मग म्हणाली, "मंग ती येत काहून न्हाई?"